डोमाजी लाइनमनचे चौथे धनुष्य

गेल्या पौषातल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी देवरी येथे डोमाजी राऊत यांचे तिसरे धनुष्य तुटले.

आवाज मोठा होता. गल्लीतल्या लोकांना वाटले, डीपी उडाली. तिघांनी वीज कार्यालयात फोन लावला. समोरच्या पटले वहिनींनी फ्रिजची पिन उपसली. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने चालू गिरणी बंद केली आणि डबे घेऊन उभ्या असलेल्या बायांना "आता दुपारपर्यंत काही येत नाई" असे सांगून परत पाठवले. दोन मिनिटांनी डोमाजी फाटकात आले. डोक्यावर पिवळे हेल्मेट, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे आणि हेल्मेटच्या काठाखाली, उजव्या भुवईवर, सुपारीएवढे टेंगूळ.

"लाइन चालू हाय," त्यांनी जाहीर केले. "धनुष्य तुटलं. कोणी घाबरू नोका."

"तुमाले लागलं का जी काका?" पटले वहिनींनी विचारले.

"आधी तुमचा सप्लाय पाहा, मंग मले पाहा."

घरातून त्यांच्या पत्नी कौतिकाबाईंचा आवाज आला. "टोपलं होतं ना डोक्यावर? मंग भुवईले कसं लागलं?"

"हेल्मेट भुवईले नसते."

"मंग कायले घालता?"

डोमाजींनी हेल्मेट न काढताच फाटक लावून घेतले.

डोमाजींची आणि माझी भिंत सामाईक आहे. पुढच्या मजकुरातल्या बहुतेक गोष्टी त्या भिंतीवरून दिसलेल्या किंवा तिच्यातून ऐकू आलेल्या आहेत. उरलेल्या पटले वहिनींनी सांगितल्या, आणि त्या तपासून घेतल्या आहेत.

डोमाजी वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. उंची सहा फूट, अंगावर मांस जेमतेम. तालुक्यातले बहुतेक खांब ते चेहऱ्याने ओळखतात. त्यांच्यासोबत बसने चिचगडला निघालो की ते खिडकीशी बसतात आणि रस्ताभर खांबांची विचारपूस करतात. "हा वाकला. म्या उभा केला तवा असा नोहता." पुढच्या सीटवरच्या माणसाला वाटते, गावातल्या कोणाबद्दल बोलणे चालले आहे. तो हळहळतो.

नोकरी सुटली, सवयी सुटल्या नाहीत. पहिली सवय परमिटची. खांबावर चढण्याआधी लाइनमन उपकेंद्राला फोन करून परमिट मागतो. तिकडून "दिलं" असे आले म्हणजे वीज बंद केली, आता तारेला हात लावायला हरकत नाही. डोमाजी ही पद्धत घरात वापरतात. स्टुलावर चढून पंखा पुसायचा असला, चुलीवरचा हंडा उतरवायचा असला, मांजरीला औषध पाजायचे असले, तरी ते आधी मोठ्याने म्हणतात, "परमिट दे वो!" कौतिकाबाई जिथे असतील तिथून म्हणतात, "दिलं!" त्यांनी उत्तर दिले नाही तर काम होत नाही. एकदा त्या न सांगता शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा डोमाजी स्टुलावरच उभे होते.

दुसरी सवय झोलाची. झोल म्हणजे दोन खांबांमधल्या तारेचे लोंबणे. नोकरीच्या सुरुवातीला एका गावात भाताच्या तणसाने भरलेली बंडी लोंबत्या तारेखालून जाताना पेटलेली त्यांनी पाहिली होती. माणूस वाचला, बैलही वाचले. तेव्हापासून त्यांना ढिले काहीही सहन होत नाही. त्यांच्या घरात खाटेची नवार, पडद्याची दोरी, चष्म्याचा गोफ आणि पायजम्याची नाडी ही सगळी तारेसारखी ताणलेली असतात. अंगणात कपडे वाळत घालायला दोरी नाही, तार आहे. ती ते दर आठवड्याला पान्याने ताणतात.

या तारेवरून घरात अनेक वर्षे वाद होता. कौतिकाबाई चार फूट नऊ इंच आहेत. ताणलेली तार त्यांच्या हाताला येत नसे. डोमाजी बाहेर गेले की त्या पान्याने दोन आटे सैल करत आणि कपडे वाळत घालत. डोमाजी परत आले की आधी तारेकडे पाहत, मग घरात येत.

"झोल कोणं आणला?"

"म्या आणला. चड्ड्या तुमच्याच वाळून राहिल्या."

"ढिली तार म्हणजे अपघात."

"चड्डीनं कोण मरते जी?"

हा वाद गेल्या भाद्रपदात थांबला. पोळ्यानंतरच्या आठवड्यात कौतिकाबाईंना लकवा मारला. डावी बाजू गेली. गोंदियाच्या दवाखान्यात त्या सोळा दिवस होत्या. पहिले आठ दिवस त्यांच्या तोंडातून एकही शब्द नीट निघाला नाही. परिचारिका रोज नाव विचारत असे. नवव्या दिवशी डोमाजी पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायला गेले. पलंगाला फिरवायचा दांडा होता. दांडा धरण्याआधी ते सवयीने म्हणाले, "परमिट दे वो."

"दिलं," कौतिकाबाई म्हणाल्या.

परिचारिकेने डॉक्टरांना बोलावले. काय दिले, हे तिला अखेरपर्यंत कळले नाही.

पाय महिनाभरात बरा झाला. जीभ पूर्ववत झाली, पटले वहिनींच्या मते थोडी अधिक धारदार. डावा हात मात्र कोपरातून वाकलेला राहिला आणि मूठ वळेना. डॉक्टरांनी डोमाजींना बाहेर बोलावून सांगितले की पहिल्या सहा महिन्यांत हात जेवढा परत येतो तेवढा येतो, नंतर फार आशा धरू नका. रोज व्यायाम झालाच पाहिजे. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने एक पिवळा मऊ चेंडू आणि रबराचा पट्टा दिला. "अम्मा, बस दबाना है. दबाइए, छोडिए."

"अम्मा कोणाले म्हणते जी ही?" कौतिकाबाईंनी नवऱ्याला विचारले.

घरी आल्यावर चेंडू तीन दिवसांत पटले वहिनींच्या कुत्र्याकडे गेला. रबराच्या पट्ट्याने कौतिकाबाईंनी तिखटाच्या बरणीचे झाकण बांधले. डोमाजींनी समजावून पाहिले, रागावून पाहिले, एक दिवस न जेवून पाहिले.

"मी का लहान पोट्टी व्हय, चेंडू दाबाले?" त्या म्हणाल्या. "माह्या बापाच्या घरी मी कैऱ्या पाडत होती धनुष्यानं. धनुष्य असतं त ओढलं बी असतं. हे रबर घ्या न् तुमच्या नाडीले लावा."

हे बोलणे झाले तेव्हा डोमाजी, पटले वहिनी आणि मी असे तिघे हजर होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी माझ्याकडे करवत मागायला आले.

"काय करता काका?"

"धनुष्य. वानरं लय झाले. पपई खाऊन राहिले."

वानरे होती हे खरे आहे. एक मोठे वानर रोज सकाळी डोमाजींच्या पपईवर बसते आणि पिकायला आलेले फळ अर्धे खाऊन अर्धे टाकते. डोमाजींनी सांगितले की बाणाला टोक नसेल, जुन्या चपलेचे रबर असेल. "वानराले लागलं नाई पायजे. लागन असं वाटलं पायजे."

"आता हनुमानाले बाण मारतीन," आतून आवाज आला. "मारुतीच्या देवळात नारळ कोण फोडते मंग दर शनिवारी?"

पहिले धनुष्य सागाचे होते. दाराच्या चौकटीचा एक तुकडा उरला होता. सागासारखे लाकूड नाही, असे डोमाजींचे मत होते. ते चौकटीपुरते बरोबर निघाले. त्यांनी स्वतःच्या उंचीएवढी सहा फुटांची पट्टी रंध्याने तासली आणि दोन टोकांना लोखंडी तार लावली. मोबाइलवर एका परदेशी माणसाचे व्हिडिओ ते आठ दिवस पाहत होते. "बोलते काय ते समजत नाई. पण हात त्याचे आपल्यासारखेच चालते." पहिल्याच ओढीला पट्टी मधोमध मोडली. अर्धी माझ्या पत्र्यावर आली. अर्धी पटले वहिनींच्या सुपात पडली, सुपात वड्या वाळत होत्या. वानर खाली उतरले नाही.

दुसरे धनुष्य धामणीचे होते. आमच्याकडे धामण कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि कावडीला वापरतात, कारण ती वाकते आणि परत येते. डोमाजींच्या शेताच्या बांधावर धामणीचे एक झाड आहे. त्यांनी त्याची फांदी तोडली आणि ओलीच तासली. हे धनुष्य तुटले नाही. त्यातून बाणही सुटला आणि पपईपर्यंत गेला. डोमाजींनी ते समाधानाने खिळ्याला टांगले, दोरी चढवलेलीच ठेवून. रोज सकाळी उठून ते दोरीला बोट लावत आणि ढिली वाटली तर पुन्हा आवळत. बाराव्या दिवशी दोरी उतरवली तेव्हा लाकूड सरळ झाले नाही. ते चंद्रकोरीसारखेच राहिले. बाण सुटला तो त्यांच्याच पायावर पडला.

"वाकलं ते वाकलंच," कौतिकाबाई खाटेवरून म्हणाल्या. "दादाले विचारा. नाई त मोबाइलातल्या त्या गोऱ्याले विचारा."

दादा म्हणजे मंगरूजी उईके. चिचगडच्या पुढे, जंगलाला लागून कौतिकाबाईंचे माहेर आहे. मंगरूजी तिथले, त्यांच्या घराशेजारचे. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या घरी धनुष्ये पिढ्यान् पिढ्या होतात. गावच्या नात्याने ते कौतिकाबाईंचे भाऊ आणि डोमाजी त्यांचे जवाई. मला त्या बाजूला धानखरेदीच्या बातमीसाठी जायचे होते, म्हणून डोमाजी माझ्या गाडीवर मागे बसले. वाकलेले धनुष्य त्यांच्या खांद्याला होते. वाटेत दोन ठिकाणी लोकांनी आम्हाला नमस्कार केला.

मंगरूजींनी धनुष्य हातात घेतले, उलटेपालटे केले आणि परत दिले.

"हे झोपलं," ते म्हणाले. "कितीक दिवस ताणून ठेवलं?"

"बारा."

"रातच्यानं बी?"

"ढिली तार म्या सोडत नसतो."

"जवाईबापू, तुमी रातभर खांबावर राहता का?"

डोमाजींनी धनुष्य मांडीवर आडवे ठेवले.

"काम झालं का उतरता ना? घरी येता, जेवता, पडता. त्याले बी उतरवाचं. दोरी काढून ठेवाची. दोन-चार दिवस ताणून ठेवलं का त्याचा जोर जाते. ओलं असलं त लवकर जाते, वाळलेलं असलं त हळूहळू जाते, उन्हात टांगलं त आणखी लवकर, पण जाते."

मग मंगरूजींनी विचारले, "कोणासाठी पायजे? ज्याच्या हातात जाईन त्याच्या उंचीचं करा लागते."

"वानरासाठी."

"वानर चालवणार हाय का?"

डोमाजींनी इकडेतिकडे पाहिले. मग आपला उजवा हात आडवा करून स्वतःच्या खांद्याच्या थोडा खाली धरला. "इतक्या उंचीचं."

मंगरूजींनी त्या हाताकडे पाहिले. ते उठून घरात गेले. चुलीवरच्या माळ्यावरून त्यांनी धामणीचा एक दांडा काढून आणला. दोन वर्षे धुरात वाळलेला, काळा. तो डोमाजींच्या पुढ्यात ठेवून ते म्हणाले, "बाई कशी हाय आता?"

"तोंड चालते," डोमाजी म्हणाले. "हात नाई चालत."

निघताना मंगरूजींनी एक गोष्ट तीनदा सांगितली. दांड्याची एक बाजू सालीकडची असते, तीच धनुष्याची पाठ. पोटाकडून कितीही तासा, पण पाठीला हत्यार लावू नका. तिथे उंचवटा असो, गाठ असो, वळण असो, जशी आहे तशी राहू द्या. पाठीचा धागा कापला की धनुष्य गेले.

डोमाजींनी तीनदा मान हलवली. दांडा घरी आला. पाठीवर एक उंचवटा होता आणि मध्यभागी थोडे वळण होते. पंधरा दिवस डोमाजींनी फक्त पोटाकडून तासले. संध्याकाळी ते दांडा डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटून पाहत आणि उसासा टाकत. सोळाव्या दिवशी त्यांनी पाठीवरून रंधा फिरवला. किती फिरवला असे विचारले तेव्हा "सरळ होईपर्यंत" असे उत्तर मिळाले. सतराव्या दिवशी मंगळवार होता.

तिसरे धनुष्य तुटल्याची बातमी मंगरूजींना कौतिकाबाईंनी स्वतः फोनवर दिली. त्या रविवारी मंगरूजी बसने देवरीला आले. सोबत दुसरा दांडा होता. तो त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता असे त्यांनी सांगितले. आल्याबरोबर त्यांनी डोमाजींचा रंधा मागितला, फडक्यात गुंडाळला आणि कौतिकाबाईंच्या उशाखाली ठेवला.

"हा मांगाले आले त देऊ नोको बाई."

"परमिट बी देत नाई," कौतिकाबाई म्हणाल्या.

मंगरूजी चार दिवस राहिले. हत्यार डोमाजींच्या हातात आणि जीभ मंगरूजींची, अशी कामाची वाटणी होती. आधी कोयता, मग विळा, मग फुटक्या बाटलीच्या काचेने खरवडणे. काचेने लाकडाचा केसाएवढा पापुद्रा निघतो. दर वीस पापुद्र्यांनंतर दोरी लावून हलकेच ओढायचे, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का पाहायचे, दोरी काढायची. या दांड्याच्या पाठीवर गाठ होती. वळण तर दोन ठिकाणी होते. पूर्ण झालेले धनुष्य समोरून पाहिले तर धामण जातीच्या सापाने रस्ता ओलांडताना विचार बदलावा तसे दिसत होते. डोमाजींनी ते पाहून दोनदा डोळे मिटले.

"वाकडं हाय," ते म्हणाले.

"झाड बी वाकडंच होतं," मंगरूजी म्हणाले. "उभं होतं ना?"

पाचव्या दिवशी सकाळी मंगरूजींनी पहिला बाण मारला. बाण अंगण ओलांडून माझ्या भिंतीवर आदळला, चपलेच्या रबरासकट. पोपडा पडला. पपईवरचे वानर पटले वहिनींच्या कौलांवर गेले. वानराचे जाहीर कारण पूर्ण झाले होते. मंगरूजींनी दोरी उतरवली, धनुष्य खिळ्याला टांगले आणि जाताना बजावले, "आता याले काच लावू नोका. गाठीपाशी लाकूड तेवढंच हाय. एक पापुद्रा काढला का तुटलं समजा. न् दोरी रोज उतरवत जा."

ते गेल्यावर कौतिकाबाई खाटेवरून उठल्या आणि धनुष्य मागितले. डोमाजींनी ते त्यांच्या डाव्या हातात दिले आणि त्यांची बोटे एकेक करून धनुष्याच्या मुठीवर वळवली. कौतिकाबाईंनी उजव्या हाताने दोरी ओढली. डावा कोपर सरळ व्हायला हवा होता. तो झाला नाही. दोरी एक बोटही हलली नाही. त्यांनी पुन्हा ओढली. धनुष्य हातातून निसटून खाली पडले.

"दादानं त्याच्या हाताचं केलं," त्या म्हणाल्या. "माह्या हाताचं नाई."

त्या खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. दुपारी जेवल्या नाहीत. पटले वहिनी आंबील घेऊन गेल्या, ती परत आली. तेव्हा माघ सुरू झाला होता. डॉक्टरांच्या सहा महिन्यांपैकी महिनाभर उरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून पाहिले तेव्हा धनुष्य खिळ्याला होते आणि दोरी चढवलेली होती. तिसऱ्या दिवशीही तसेच. चौथ्या दिवशी खिळा बदललेला दिसला. धनुष्य आता पूर्वेच्या भिंतीवर होते, जिथे सकाळपासून ऊन पडते.

त्या दिवशी कौतिकाबाईंनीही ते पाहिले. "दोरी काऊन नाई उतरवली जी?"

"विसरलो."

कौतिकाबाईंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिले. त्या धनुष्यांच्या गावात वाढल्या आहेत. "द्या इकडं," एवढेच म्हणाल्या. त्यांनी मूठ धरली आणि दोरी ओढली. अर्धे बोट आली.

डोमाजी यापूर्वी काही विसरल्याची नोंद माझ्याकडे नाही. पटले वहिनींकडेही नाही. गल्लीत कोणाचा मीटर कोणत्या वर्षी बदलला हे त्यांना पाठ आहे.

त्यानंतर ते रोज विसरत राहिले. रोज सकाळी चहाच्या आधी कौतिकाबाई "द्या, पाहू अकडलेलंच हाय का तुमच्यासारखं" असे म्हणत आणि एकदा ओढत. काही दिवसांनी दोनदा. मग पाचदा. डोमाजी समोर पाटावर बसून दोरी किती बोटे मागे येते ते मोजत. एक बोट. दीड. एका दिवशी पुन्हा एकच आले, तेव्हा कौतिकाबाईंनी धनुष्याला, मंगरूजींना आणि वीज खात्याला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दोन आले.

मधल्या काळात मंगरूजींचा फोन आला. डोमाजी फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात, आणि मोठ्याने बोलतात.

"धनुष्य बरं हाय ना जवाईबापू?"

"एक नंबर."

"दोरी उतरवता ना रोज?"

"रोज," डोमाजी म्हणाले.

आतून कौतिकाबाईंचे हसणे ऐकू आले. मंगरूजींनी ते कसले म्हणून विचारले. टीव्ही चालू आहे, असे डोमाजींनी सांगितले. त्या दिवशी सकाळपासून आमच्या भागात वीज नव्हती.

धनुष्य किती ढिले झाले आणि हात किती घट्ट झाला, याची वेगवेगळी नोंद उपलब्ध नाही.

वानर परत आले. एका सकाळी डोमाजींनी धनुष्य उचलून त्याच्यावर बाण मारला. बाण पपईच्या बुंध्यापर्यंतही पोहोचला नाही. वानराने वाकून बाणाकडे पाहिले आणि फळ खाणे चालू ठेवले. डोमाजी समाधानाने घरात गेले.

त्याच आठवड्यात पटले वहिनींनी फाटकातून हाक मारली. "काका, तुमची कपड्याची तार लोंबून राहिली जी. झोल आला."

"येऊ द्या," डोमाजी म्हणाले.

फाल्गुनातल्या एका सोमवारी, होळीच्या आधी चार दिवस, सकाळी आठ वाजता कौतिकाबाई अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसल्या. डोमाजींनी धनुष्य आणून दिले आणि एक बाण दिला. यावेळी त्यांनी बोटे वळवून दिली नाहीत. कौतिकाबाईंनी मूठ स्वतः धरली. वेळ लागला. पटले वहिनी फाटकाशी उभ्या होत्या. मी भिंतीशी होतो. वानर पपईवर होते.

कौतिकाबाईंनी बाण लावला आणि थांबल्या.

"परमिट द्या जी," त्या म्हणाल्या.

डोमाजींनी फाटकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हाताने आम्हा दोघांना मागे सरायची खूण केली. मग वर पपईकडे पाहिले. हेल्मेट घरात राहिले होते.

"दिलं," ते म्हणाले.

दोरी चार बोटे मागे आली आणि सुटली. बाण तुळशीवृंदावनाच्या अलीकडे पडला. वानर जागचे हलले नाही. डोमाजी घरात गेले आणि मोजायचा टेप घेऊन आले. अंतर साडेसात फूट भरले. खुर्चीकडचे टेपचे टोक कौतिकाबाईंनी धरले होते, डाव्या हातात.